बिनफाटकाची दोन मैदाने

नाशिकमध्ये 'गोल्फ क्लब' असे म्हटले की कोणाच्याही डोळ्यांपुढे गोल्फ येत नाही. त्र्यंबक रोडवरच्या त्या मैदानाचे आजचे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे रणजीचे सामने होतात, पहाटे लोक फेऱ्या मारतात. ईदगाह मैदान जवळच असल्यामुळे ईदच्या सकाळी रिक्षावाल्याला 'गोल्फ क्लब' एवढेच सांगितले तरी तो बरोबर नमाजच्या ठिकाणी आणून सोडतो. नाव इंग्रजांच्या काळापासून राहिले, खेळ मात्र आपल्यापर्यंत आलाच नाही. आपल्याकडे गोल्फ म्हणजे उंच भिंत, फाटकावर पहारेकरी आणि आत हिरवळीवरून चालणारे मोजके लोक. हा खेळ लष्करी अधिकाऱ्यांचा, उद्योगपतींचा. आपण त्याच्या भिंतीला लागून असलेल्या रस्त्याने जायचे, एवढाच आपला संबंध.

म्हणून मे महिन्याच्या सुटीत एडिंबरात असताना आमच्या मैत्रिणीच्या मुलीने "उद्या शनिवार, उद्या आपण सगळे गोल्फ खेळायला जाऊ" असे जाहीर केले, तेव्हा आम्ही चौघेही हसलो. बी.एड.च्या वर्गापासूनची ही मैत्रीण रत्नागिरीची. तिची मुलगी स्कॉटलंडच्या या राजधानीत नोकरी करते. मैत्रीण, तिचे मियां आणि आम्ही दोघे असे चार मास्तर-मास्तरणी तिच्याकडे पाहुणे म्हणून गेलो होतो. चौघांपैकी एकानेही आयुष्यात गोल्फची स्टिक हातात धरलेली नव्हती. "खाला, इथे त्याला कोणी विचारत नाही," मुलगी म्हणाली. तिची घरमालकीण, सत्तरीच्या पुढची एक उत्साही बाई, आमच्यासोबत येणार होती. त्या बाईंनीच मुलीला खेळ शिकवला होता.

जाण्यापूर्वी या खेळाची जमीन समजून घेतली पाहिजे, कारण आमच्या मते गोल्फची खरी गोष्ट चेंडूची नाही, जमिनीची आहे. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र आणि शेती यांच्यामध्ये वाळूच्या उंचवट्यांचा, खुरट्या गवताचा पट्टा असतो. त्याला 'लिंक्स' म्हणतात. तिथे पीक येत नाही. मेंढ्या चरतात, ससे बिळे करतात, पूर्वी बाया कपडे वाळत घालत. आपल्या भाषेत सांगायचे तर ते गावाचे गायरान. मेंढ्यांनी गवत आखूड केले, वाऱ्याने वाळूचे खड्डे केले, आणि अशा फुकटच्या जागेत लोक काठीने चेंडू मारू लागले. 1457 साली स्कॉटलंडच्या संसदेने फुटबॉल आणि गोल्फ या दोन्ही खेळांवर बंदी घातली, कारण खेळाच्या नादात लोकांचा तिरंदाजीचा सराव मागे पडत होता. म्हणजे साडेपाचशे वर्षांपूर्वी हा खेळ इतका सर्वसाधारण होता की सरकारला त्याची काळजी वाटावी. सेंट अँड्र्यूज गावात 1552 च्या एका सनदेत आर्चबिशपने तिथल्या लिंक्सवर ससे पाळण्याची परवानगी मिळवली. त्याच कागदात त्या जमिनीवर गोल्फ खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क मान्य केलेला आहे. बंगला आणि क्लब फार नंतर आले.

एडिंबराहून शहराच्या बसनेच मसलबराला जाता येते. अंतर नऊ-दहा किलोमीटर. एस्क नदी जिथे समुद्राला मिळते तिथे हे जुने गाव आहे. आम्ही सकाळी नऊच्या सुमारास पोहोचलो. वारा असा की मैत्रिणीचा स्कार्फ आणि आमचा स्कार्फ दोन्ही एकाच दिशेला निशाणासारखे ताठ झाले. समोर फोर्थची खाडी, पलीकडे फाइफचा निळसर किनारा, मागे पश्चिमेला आर्थर्स सीटची टेकडी. आणि गोल्फचे मैदान कुठे? तर घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाच्या आत! धावपट्टीचे पांढरे कठडे ओलांडत ओलांडत खेळायचे. नऊ होलचे हे मैदान सार्वजनिक आहे. सभासदत्व लागत नाही, कोणाची ओळख लागत नाही, पोशाखाची अट नाही. खिडकीवर पैसे भरायचे, वेळ सांगतील त्या वेळी उभे राहायचे. तिथे हिकरी लाकडाच्या दांड्यांच्या जुन्या पद्धतीच्या स्टिकही भाड्याने मिळतात. आमच्या मियांनी हौसेने त्याच घेतल्या. "न खेळता येणाऱ्याला नवी काय आणि जुनी काय," असे त्यांचे म्हणणे.

खेळ सोपा आहे, म्हणजे सांगायला सोपा. चेंडू ठेवायचा, मारायचा, जिथे पडेल तिथे चालत जायचे, पुन्हा मारायचे, शेवटी लहानशा भोकात घालायचा. सगळ्यात कमी फटक्यांत जो घालेल तो जिंकला. त्या भोकाची रुंदी जगभर सव्वाचार इंच असते, आणि हे मापही याच गावचे. 1829 साली मसलबरात भोके पाडण्याचे एक लोखंडी साधन बनवले गेले. त्याचे माप पुढे सगळ्या जगाने स्वीकारले. ते साधन इथल्या रॉयल मसलबरा क्लबाने अजून जपून ठेवले आहे.

पहिल्या होलला आमच्या मियांचा चेंडू जागचा हललाच नाही. गवताचा एक तुकडा मात्र चांगला लांब गेला. घरमालकीण बाईंनी शांतपणे तो तुकडा उचलून आणला, जागेवर बसवला आणि पायाने दाबला. "आधी जमीन, मग खेळ," असे काहीसे त्या म्हणाल्या. मैत्रिणीचे मियां गणिताचे शिक्षक. त्यांनी वाऱ्याचा हिशेब केला, कोन काढला, आणि चेंडू थेट शर्यतीच्या धावपट्टीवर नेऊन टाकला. मैत्रीण मात्र सगळ्यांना मागे टाकून निघाली. तिचे फटके छोटे, पण सरळ. "पाट्यावर वरवंटा फिरवलेला हात आहे," ती म्हणाली, "उगाच नाही."

आम्हांला शिक्षक म्हणून एक गोष्ट फार भावली. या खेळात पंच नसतो. आपले फटके आपणच मोजायचे आणि आपणच सांगायचे. गवतात कोणी पाहत नसताना स्टिकचा धक्का लागून चेंडू हलला, तर तेही आपणच कबूल करायचे. आपला पेपर आपणच तपासायचा आणि गुणही आपणच द्यायचे, असा हा प्रकार. गणिताच्या सरांनी तिसऱ्या होलला "अकरा" असे सांगितले तेव्हा कोणी हसले नाही, उलट बाईंनी टोपी किंचित वर केली.

या मैदानाचा सगळ्यात जुना लेखी पुरावा 1672 सालच्या 2 मार्चचा आहे, आणि तोही कसा? एडिंबराच्या एका वकिलाच्या जमाखर्चाच्या वहीतला. त्या दिवशी मसलबरात गोल्फमध्ये हरलेली रक्कम त्याने इमानदारीने खर्चात मांडली आहे! स्कॉटलंडची राणी मेरी इथे त्याआधी शंभर वर्षे खेळली होती असेही गावकरी सांगतात. पण आम्हांला राणीपेक्षा दुसऱ्याच बायकांची गोष्ट मोलाची वाटली.

मसलबराचे बंदर म्हणजे फिशररो. तिथल्या मासळी विकणाऱ्या बाया पाठीवर वेताची मोठी टोपली बांधून, तिचा पट्टा कपाळावर घेऊन, मासे भरून एडिंबरापर्यंत पायी जात. ओझे पुरुषाला झेपणार नाही असे. इथल्या पाद्र्याने 1795 च्या सुमारास आपल्या परगण्याची माहिती लिहिली, तीत या बायांचे वर्णन आहे, आणि त्या सणासुदीला गोल्फ खेळतात असेही नमूद आहे. पुढे डिसेंबर 1810 मध्ये मसलबराच्या गोल्फ क्लबाने ठराव केला की येत्या जुन्या नववर्षाच्या दिवशी ज्या मासळीवाल्या बायांमध्ये सगळ्यात चांगली खेळेल तिला नवी टोपली आणि शाल द्यावी. त्याशिवाय बक्षिसांत बार्सिलोनाचे रेशमी रुमालही होते. स्त्रियांच्या गोल्फ स्पर्धेची जगातली ही पहिली नोंद मानली जाते. ना राणी, ना सरदारीण. मासे विकणाऱ्या बाया!

हे ऐकून मैत्रीण एकदम थांबली. "म्हणजे आमच्या मिरकरवाड्यातल्या बायाच की," ती म्हणाली. तिच्या लहानपणी रत्नागिरीच्या त्या बंदरातून बाया डोक्यावर पाटी घेऊन, पदर खोचून, ओरडत मोहल्ल्यात यायच्या. "त्यांना कधी खेळताना नाही पाहिले," ती पुढे म्हणाली. थोडा वेळ कोणी बोलले नाही. वारा होताच.

या मैदानाच्या गोष्टीला दुसरीही बाजू आहे. 1874 ते 1889 या काळात 'ओपन' ही मोठी स्पर्धा इथे सहा वेळा झाली. 1860 ची पहिलीच ओपन जिंकणारा विली पार्क याच गावचा. 1880, 81 आणि 82 अशी लागोपाठ तीन वर्षे जिंकणारा बॉब फर्ग्युसनही इथलाच. पुढे आजारपणानंतर तो याच मैदानाची निगा राखू लागला. परंतु श्रीमंत क्लबांना गर्दीचा कंटाळा आला. गावकरी, घोडे, मेंढ्या, बघे, सगळे एकाच जागेत. एडिंबराच्या सगळ्यात प्रतिष्ठित क्लबाने 1891 साली मसलबरा सोडून म्युअरफील्डला स्वतःचे खासगी मैदान केले. दुसऱ्याच वर्षी ओपनही तिकडे गेली. मसलबराची शान गेली, मैदान राहिले.

आणि आता हिशेब पाहा. ज्या मोकळ्या मैदानावर 1811 च्या जानेवारीत मासळीवाल्या बायांसाठी बक्षिसे लावली गेली, ते सोडून फाटकाच्या आत गेलेल्या त्या क्लबाने स्त्रियांना सभासद करून घ्यायचे ठरवले ते 2017 साली. त्याआधीच्या वर्षीच्या मतदानात ठराव पडला होता. मग यापुढे ओपन तिथे होणार नाही असे आयोजकांनी सांगितले, तेव्हा पुन्हा मतदान झाले. दोनशे सहा वर्षांचे हे अंतर कोणत्या धर्मामुळे किंवा रिवाजामुळे पडले नाही. ते फाटकामुळे पडले. जागा उघडी असते तेव्हा बाया, पोरे, गरीब आपोआप येतात, त्यांना कोणी बोलवावे लागत नाही. फाटक बसले की सगळ्यात आधी तेच बाहेर राहतात.

नऊ होल संपायला आम्हांला तीन तास लागले. बाईंचे फटके बेचाळीस, मुलीचे एकावन्न. आमचे आकडे इथे सांगण्यासारखे नाहीत. थर्मासमधला चहा आणि मैत्रिणीने पहाटे उठून केलेली सांदणे कठड्याला टेकून खाल्ली. बाईंनी तीन सांदणे घेतली आणि कृतीही लिहून घेतली.

बसने परत एडिंबरात येऊन जुहरसाठी आम्ही पॉटररो रस्त्यावरच्या मध्यवर्ती मशिदीत गेलो. 1998 साली उघडलेली ही मशीद इराकी वास्तुविशारद बासिल अल-बयाती यांनी रचली आहे. स्कॉटलंडच्या जुन्या किल्ल्यांसारखे दगडी काम आणि आपल्या मशिदींचा घाट असा दोन्हींचा मेळ तिच्यात दिसतो. विद्यापीठाच्या इमारती चहूबाजूंनी असल्याने जमातीत विद्यार्थीच जास्त. स्त्रियांसाठी स्वतंत्र जागा आहे. आसपास हलाल जेवणाची साधी, स्वस्त ठिकाणे आहेत. डाळ-भात आणि खिमा खाऊन मंडळींचे डोळे मिटू लागले. पण दुसरे मैदान बाकी होते.

ते मैदान मशिदीपासून पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. 'मेडोज' नावाची मोठी हिरवळ ओलांडली की जमीन चढू लागते. तो उतार म्हणजे ब्रंट्सफील्ड लिंक्स. शहराच्या जुन्या माळरानाचा हा उरलेला तुकडा. प्लेगच्या साथींत रोग्यांना शहराबाहेर याच माळावर आणून ठेवत, कित्येकांना इथेच पुरले. इथून दगड काढून शहराची घरे बांधली. गवताखालचे उंचवटे आणि खळगे त्या खाणींचेच. त्याच खळग्यांवर लोक गोल्फ खेळू लागले.

आज तिथे भर वस्तीत, चारी बाजूंना चार-चार मजली दगडी इमारती असताना, उन्हाळ्यात छत्तीस छोट्या होलचे गोल्फ चालते, आणि ते फुकट आहे. पुन्हा लिहितो: फुकट. खिडकी नाही, पावती नाही, नाव नोंदवणे नाही. आपली स्टिक आणि चेंडू घेऊन यायचे आणि सुरू करायचे. एकेक होल इतके जवळ की लहान मूलही दोन-तीन फटक्यांत पोहोचेल. माणसे मैदानातूनच ये-जा करतात. कोणी कुत्रा घेऊन, कोणी दळणवळणाची घाई असलेले, कोणी बाबागाडी ढकलत. चालणारा दिसला की खेळणाऱ्याने थांबायचे, एवढाच दंडक.

ही जागा आपोआप वाचलेली नाही. 1827 साली संसदेने कायदा केला की मेडोज आणि ब्रंट्सफील्ड लिंक्सवर इमारती बांधता येणार नाहीत. शहर चोहोबाजूंनी वाढले, भाव चढले, घरे मैदानाच्या कडेपर्यंत येऊन भिडली. पण आत एक वीट गेली नाही. जुने क्लब 1870 च्या दशकात गर्दीमुळे मसलबराला आणि नंतर शहराबाहेर स्वतःच्या जागी निघून गेले. ज्यांना जाणे परवडत नव्हते त्यांचे काय? तर 1889 साली एडिंबराच्या नगरपालिकेने दक्षिणेची ब्रेड हिल्स ही टेकडी विकत घेऊन सार्वजनिक गोल्फ सुरू केले. तिथे आजही खेळ चालू आहे. आणि ब्रंट्सफील्डचे छोटे गोल्फ ज्याचे त्याच्यासाठी तसेच राहिले.

मुलीच्या ऑफिसातल्या दोन मैत्रिणी तिथे येऊन थांबल्या होत्या. सात जणांत चार स्टिका. एक मारायचा, बाकीचे टीका करायचे. आमच्या पुढे एक बाप आपल्या तीन मुलांना घेऊन खेळत होता. धाकटी मुलगी पाचेक वर्षांची, स्टिक तिच्या खांद्याइतकी उंच. चेंडू भोकात गेला की ती दर वेळी स्वतः त्यात हात घालून बाहेर काढी आणि सगळ्यांना दाखवी. शेजारच्या होलवर कॉलेजच्या मुली, त्यापलीकडे दोन म्हातारे, एकमेकांशी न बोलता. आमच्या स्कार्फकडे कोणी वळून पाहिले नाही, आणि आमच्या खेळाकडे पाहण्यासारखे काही नव्हते.

मेच्या अखेरीस तिथे मगरीब रात्री पावणेदहाच्या सुमारास होते, त्यामुळे संध्याकाळ संपता संपत नाही. मैत्रिणीच्या घरचे शाफई, त्यांची असर आधी झाली. आमची हनफी वेळ तासाभराने आली. दोन्ही वेळा त्याच हिरवळीच्या कडेला, झाडाखाली, जाकिटे अंथरून नमाज झाली. त्या वेळात खेळ दुसऱ्यांनी सांभाळला.

घरी परतल्यावर या दिवसाबद्दल लोक विचारतात ते गोल्फबद्दल. आम्हांला आठवतात त्या मुली. आमच्या शाळेला स्वतःचे मैदान नाही. समोर एक मोकळी जागा होती, तिथे पी.टी.चा तास होई. काही वर्षांपूर्वी तिला पत्रे लागले, आता तिथे गाड्या उभ्या असतात. मुलांनी रस्ता शोधला, गल्ली शोधली. मुलींचा पी.टी.चा तास मात्र वर्गातच होतो. सहावीपर्यंत ज्या पोरी लंगडीत कोणाला हरू देत नव्हत्या, त्या आठवीत बाकावर बसून मेहंदीचे नमुने काढतात. आपण म्हणतो, मुलींना खेळाची आवडच नाही. आवड नसते असे नाही, जागा नसते.

गोल्फ आपल्या मोहल्ल्यात यावे असे आमचे म्हणणे नाही. त्याला जमीन फार लागते, पाणी फार लागते. पण एक काम प्रत्येक घराला करता येण्यासारखे आहे. आपल्या प्रत्येक शहराचा विकास आराखडा असतो. त्यात खेळाच्या मैदानासाठी जागा राखून ठेवलेल्या असतात, त्यांना आरक्षण म्हणतात. तो नकाशा महापालिकेत किंवा नगरपरिषदेत पाहायला मिळतो. आपल्या वस्तीतल्या कोणत्या तुकड्यावर 'क्रीडांगण' लिहिले आहे आणि प्रत्यक्षात तिथे आज काय उभे आहे, हे जाऊन पाहावे. नवा आराखडा जाहीर होतो तेव्हा नागरिकांकडून हरकती व सूचना मागवल्या जातात. त्या मुदतीत आपल्यापैकी किती जण अर्ज देतात? आम्ही शिक्षक मंडळींनी हे काम हाती घेतले आहे. आमच्या नववीच्या मुलींनी भूगोलाच्या तासाला प्रभागाचा नकाशा समोर ठेवून मैदानांच्या खुणा शोधल्या. तीन सापडल्या. येत्या रविवारी पालकांसह त्या तिन्ही जागा पाहायला जायचे ठरले आहे.

एडिंबराला कोणाचे नातेवाईक असतील आणि जाण्याचा योग आला, तर किल्ला आणि राजवाडा पाहाच. पण एक संध्याकाळ ब्रंट्सफील्डसाठी ठेवा. सोबत गरम कपडे घ्या. मे-जूनमध्येही वारा हाडात शिरतो. मसलबराला घोड्यांच्या शर्यती असतात, म्हणून आधी चौकशी करून जा. आणि मुलींना बरोबर न्या. स्टिक आधी त्यांच्या हातात द्या.